लाल गल्लीतलं हिरवं घर

१

पाणी उतरल्यावर आई कपाटावर सापडली.

जिला गुडघ्यांपायी एक पायरी चढवत नव्हती, तिला पाण्यानं उचलून थेट छतापाशी नेलं होतं आणि परत जाताना तिथंच टाकून दिलं होतं. उतरवायला दोन माणसं लागली. त्यातला एक स्टुलावर चढला, स्टूल चिखलात रुतलं, आणि तो आईचाच पाय धरून सावरला. धाकटी दारात उभी राहून हे बघत होती.

घरात तिला सगळे धाकटीच म्हणत. ती दुसऱ्या शहरात चष्म्यांच्या दुकानात लोकांचे डोळे तपासायची. फोन येताच मिळेल त्या गाडीनं ती निघून आली होती. थोरला भाऊ, दादा, इथंच नगरपालिकेत नोकरीला. आईचं हृदय दुबळं झालं तेव्हा डॉक्टरांनी दादा, वहिनी आणि धाकटीला बाजूला घेऊन सांगितलं होतं, की फार तर चार-पाच वर्षं. दादा म्हणाला होता, तेवढी तरी नीट जाऊ देत. मग त्यानंच नदीच्या वळणावरचा हा वृद्धाश्रम शोधून काढला. मधे एकदा आईला तिथून हलवायचं काहीतरी निघालं होतं, पण ते आपलं आपणच मिटलं होतं.

तळमजल्यावर सात जणी राहायच्या. सातही गेल्या. वरच्या मजल्यावरच्या सगळ्या वाचल्या. मधे जिना होता आणि जिन्याच्या तोंडाशी जाळीचं दार. त्याला कुलूप होतं. जाळीत अडकलेला एका म्हातारीचा हात अजून कुणी सोडवला नव्हता.

गल्लीतलं दुसरं कुणीच मेलं नव्हतं. समोरच्या इस्त्रीवाल्यानं धाकटीला आपला फोन दाखवला. पहाटे पालिकेचा संदेश आला होता, की पाणी चढतंय, घर सोडा. सगळी गल्ली चढावरच्या शाळेत जाऊन बसली होती. आश्रमाचं काय, असं तिनं विचारलं. इस्त्रीवाला खाली बघत म्हणाला, त्यांना आमच्या आधी आला असेल असं वाटलं.

आश्रमाला संदेश आलाच नव्हता.

शवागाराच्या ओसरीत बसून धाकटीनं पालिकेचा धोक्याचा नकाशा फोनवर उघडला. पत्ता टाकला की तुमच्या घराला पुराचा धोका किती हे त्यात रंगानं दिसे. अख्खं वळण लालभडक होतं. बरोबर मधोमध एक हिरवा चौकोन होता. आईचा आश्रम.

नकाशा विभागाचा प्रमुख दादाच होता. तिनं फोन त्याच्यापुढं धरला. त्यानं बराच वेळ बघितलं आणि म्हणाला, यंत्राची चूक असेल.

संध्याकाळी तिनं पोलिसांत तक्रार दिली. ती घेणारी तपास अधिकारी निवृत्तीला टेकलेली ठेंगणी बाई होती. खात्यात तिला 'चिमटा' म्हणत, अर्थात पाठीमागं. धरलेलं ती सोडायची नाही, आणि स्वतःला कधी चटका बसू द्यायची नाही. तिनं तो चौकोन बोटांनी मोठा करून पाहिला.

"चूक अशी कडा धरून होत नाही," ती म्हणाली. "हे कुणीतरी मोजून केलंय."

२

पालिकेच्या नकाशा विभागात दादानं सगळं नीट समजावून सांगितलं. दोन रात्री तो झोपला नव्हता, तरी आवाज शाळेतल्या मास्तरांसारखा स्थिर होता. जमीन कुठं किती उंच, नदी कुठल्या पावसाला किती चढते, गावातली पर्जन्यमापकं काय सांगतात, आणि पाऊस असाच बिघडत गेला तर पुढं काय होईल, हे सगळं एकत्र करून नकाशा होतो. आजचा वेगळा, पाच वर्षांनंतरचा वेगळा, दहा वर्षांनंतरचा, तीस वर्षांनंतरचा वेगळा. लोक आपले आजचं बघतात आणि फोन खिशात ठेवतात, असं तो म्हणाला.

रंगावर दोन गोष्टी ठरत. लाल घरांना पुराचा संदेश आपोआप जाई, हिरव्यांना जात नसे. आणि नव्या नियमानं लाल जागेत म्हातारी किंवा आजारी माणसं ठेवायला बंदी होती. आश्रम लाल झाला तर तो रिकामा करायचा आणि दुसरी सोय होईपर्यंत माणसं ज्याची त्यानं घरी न्यायची.

आश्रमाचा रंग नकाशानं ठरवलेला नव्हता. तो हातानं बदलला होता, ह्याच खोलीतल्या संगणकावरून, दिवसाढवळ्या. कुणी, ते कळायला मार्ग नव्हता, कारण परवलीचा शब्द सगळ्यांचा एकच होता आणि तो कागदावर लिहून पडद्याच्या कडेला चिकटवलेला होता.

चिमटानं त्या कागदाकडं पाहिलं आणि इथं कोण कोण येतं ते विचारलं. दादानं आठवून सांगितलं. शेजारच्या खोलीत मुख्य अभियंता बसतात. आश्रमाला लागून इमारत बांधणारा बिल्डर तर इथं पडीकच असतो. आश्रम चालवणारी मेट्रन परवान्यासाठी खेपा घालायची.

"आणि मी," तो म्हणाला. "मलाही धरा."

"तुम्हाला धरलंच आहे," चिमटा म्हणाली. कोपऱ्यातले दोन कारकून कसनुसं हसले. ज्याची आई गेली त्याच्याशी ही थट्टा धाकटीला आवडली नाही.

निघताना दादा जिन्यापर्यंत सोडायला आला. तिथं थांबून, जणू बोलावं की नको अशा सुरात तो म्हणाला, की कुणाचं नाव घ्यायचं त्याच्या जिवावर येतंय, पण आश्रम हिरवा राहिल्यानं पोट भरणारी बाई गावात एकच आहे.

३

चिमटानं आधी बाकीचे दोघे उरकले. धाकटी तक्रारदार म्हणून बरोबर होतीच. तिचा पाय घरात ठरत नव्हता.

मुख्य अभियंत्याला नदीकाठी बांध हवा होता. जितकी घरं लाल, तितका बांध लवकर मंजूर. तो उघडच म्हणाला, की त्याच्या हातात असतं तर त्यानं निम्मं गाव लाल करून ठेवलं असतं. सात बायका गेल्यामुळं आता बांध होईल, असंही तो म्हणाला, आणि ह्या वाक्यात काही वावगं आहे हे त्याच्या गावीही नव्हतं.

बिल्डरनं आपली इमारत फोनवर दाखवली. लाल, आजही आणि तीस वर्षांनंतरही. गिऱ्हाइकं हल्ली पुढचं बघूनच घर घेतात, त्यामुळं एकही सदनिका खपत नव्हती. नकाशात हात घालायची सोय असती तर आपलं सोडून शेजारच्या म्हाताऱ्यांचं भलं करायला मी काय संत आहे का, असं त्यानं विचारलं. तो संत नव्हता हे चेहऱ्यावरूनच दिसत होतं.

राहिली मेट्रन. ती आश्रमाच्या अंगणात चिखलानं भरलेल्या गाद्या ओढत होती. उंच, हाडकुळी, कोरड्या डोळ्यांची. गेलेल्या सात जणींचे नातेवाईक सामान न्यायला आले होते आणि तिच्याशी कुणी बोलत नव्हतं. चिमटानं विचारलं तसं तिनं सांगितलं. जिन्याला कुलूप तीच लावायची, कारण एक आजी अंधारात चढायला जाऊन पडली होती. त्या पहाटे अंगणात पाणी दिसलं तेव्हा तिनं नकाशा उघडला, घर हिरवं होतं. तिनं बायकांना गाद्यांवरच बसून राहायला सांगितलं आणि सवयीनं मागं कुलूप लावून ती वरच्यांना धीर द्यायला गेली. उलटून किल्ली घेऊन येईपर्यंत पाणी जाळीला टेकलं होतं. दार पाण्याच्या दाबानं उघडलं नाही. जाळीपलीकडून त्या तिला नावानं हाका मारत होत्या, आणि मग एकेक हाक कमी होत गेली.

खालच्यांनाही नकाशावर फार भरवसा होता, ती म्हणाली. धाकटीच्या आईनं सगळ्यांना सांगून ठेवलं होतं, की तो तिच्या मुलानं काढलाय. आठवड्यापूर्वी पावसाला घाबरून दोघी-तिघी वर जाऊ म्हणत होत्या. तिनं मुलाला फोन लावून विचारलं आणि फोन ठेवून त्यांना म्हणाली, बसा गुमान, माझा लेक सांगतोय.

चिमटानं परवान्याचं विचारलं. मेट्रन कडवट हसली. परवाना दहा वर्षांचा असतो आणि तो पालिकेनं गेल्या महिन्यातच नाकारला होता. आज हिरवं असलं म्हणून काय झालं, दहा वर्षांनंतर लाल आहे, असं सांगितलं होतं. वर्षअखेर आश्रम बंदच व्हायचा होता. पण उन्हाळ्यात पहिल्यांदा नकाशानं आश्रम लाल दाखवला तेव्हाच तिनं सगळ्या घरच्यांना फोन करून माणसं न्यायला सांगितलं होतं. आठवड्याभरात रंग हिरवा झाला. तिला वाटलं, पालिकेनं चूक दुरुस्त केली.

मग ती नातेवाइकांकडं वळली.

"तुम्हाला सगळ्यांना कळवलं होतं मी," ती म्हणाली. "त्या आठवड्यात एक जण तरी आला का न्यायला?"

धाकटी पुढं झाली आणि तिनं मेट्रनच्या थोबाडीत मारली.

बांध फुटावा तसं झालं. कुणी मेट्रनचा पदर धरला, कुणी तिला चिखलात बसवलं, एका सुनेनं तिच्या तोंडात चिखल कोंबला. चिमटा आणि तिचा शिपाई मधे पडेपर्यंत मागून वीट आली आणि मेट्रनच्या उजव्या डोळ्यावर बसली. दादा फाटकाशी उभा होता. तो मधे पडला नाही, ओरडला नाही, निघूनही गेला नाही.

दुपारी इस्पितळातून चिमटाचा धाकटीला निरोप आला, की डोळा गेला. त्याच निरोपाखाली आणखी एक ओळ होती. रंगाचं ते तिनं केलेलं नाही. सकाळी चौकीवर या.

४

चौकीत चिमटानं धाकटीपुढं पाण्याचा पेला सरकवला आणि नकाशा उघडायला सांगितला. आश्रम शोधा, म्हणाली. मग खालची पट्टी बोटानं पुढं सरकवा.

पडद्याच्या तळाला वर्षांची पट्टी होती. धाकटीनं ती कधी हलवली नव्हती. आज, हिरवं. पाच वर्षांनंतर, हिरवं. दहा वर्षांनंतर चौकोन नाहीसा झाला आणि आश्रम गल्लीसारखाच लाल झाला. तीस वर्षांनंतरही लाल.

प्रत्येक वर्षाचा नकाशा वेगळा, चिमटा सांगू लागली. ज्यानं रंग बदलला त्यानं पहिले दोनच बदलले. पुढचे दोन बदलायला चहा निवण्याइतकाही वेळ लागला नसता, पण त्यानं त्यांना हात लावला नाही. बिल्डरला तीस वर्षं हवी होती. मेट्रनला दहा हवी होती. दहाचा नकाशा लाल राहिला म्हणून तर तिचा परवाना गेला. तिनंच हे केलं असतं तर स्वतःच्याच पायावर धोंडा कशाला पाडून घेतला असता? अभियंत्याला तर हिरवं नकोच होतं.

"सगळे विचारतात, फायदा कुणाचा," चिमटा म्हणाली. "मी विचारत होते, हे घर किती दिवस हिरवं राहायला हवं होतं. हे करणाऱ्याला पाचच वर्षं पुरत होती. त्यानंतर आश्रम लाल होवो की वाहून जावो, त्याचं काही अडणार नव्हतं. असं कोण?"

धाकटीनं पेला उचलला आणि तसाच खाली ठेवला. दवाखान्यातली ती खोली तिच्या डोळ्यांपुढं उभी राहिली, आणि हातातल्या पेनाशी चाळा करत बोलणारे डॉक्टर. फार तर चार-पाच वर्षं. ऐकायला तिघंच होते. एक ती स्वतः, एक वहिनी. आणि एकाच्या टेबलावर तो संगणक होता.

तिनं कुणाचं नाव घेतलं नाही. चिमटानंही घ्यायला लावलं नाही. ती टोपी उचलून म्हणाली, की येणार असाल तर चला, नाहीतर मी एकटी जाते.

५

दादा घरीच होता. आईच्या खोलीत वहिनीची चित्रकलेची शिकवणी चालू होती, मुलं जमिनीवर कागद पसरून बसली होती. चिमटाला बघून वहिनीनं मुलांना घरी पाठवलं आणि दार लोटून घेतलं. ती बाहेर आलीच नाही.

चिमटानं आरोप केला नाही, आवाज चढवला नाही. तिनं एवढंच विचारलं, "दहा वर्षांनंतरचा नकाशा का नाही बदललात?"



"तो खोटा झाला असता," तो म्हणाला.

हे वाक्य त्याच्या स्वतःच्याच कानांवर पडलं आणि त्याचा चेहरा पडला. मग मात्र तो थांबला नाही. एवढं पाणी एखाद्या वर्षी येण्याची शक्यता शंभरात एक. पाच वर्षं काढायची म्हणजे शंभरात पाच. माणसं ह्याहून मोठी जोखीम रस्ता ओलांडताना घेतात. त्यानं नकाशा खराब केला नव्हता, गरजेपुरता फक्त थोपवून धरला होता. आई गेली की तो स्वतःच रंग परत लाल करणार होता.

"जोखीम तुम्ही कुठं घेतलीत," चिमटा म्हणाली. "तुम्ही ती सात जणींच्या माथी मारलीत."

धाकटीला वाटलं ती किंचाळेल, पण आवाज निघाला तो अगदी साधा. तिनं विचारलं, घरी का नाही आणलंस तिला.

दादानं लोटलेल्या दाराकडं पाहिलं. आई इथं होती तेव्हाची दोन वर्षं त्यानं थोडक्यात सांगितली. रोजची भांडणं, वहिनीचं माहेरी जाऊन बसणं, आईचं मुद्दाम जेवण टाकणं. पुन्हा आणली असती तर घर मोडलं असतं. म्हणून आश्रम लाल झाला तेव्हा त्यानं पहिला फोन बहिणीला केला होता.

"आठवतंय ना तुला?" तो म्हणाला. "आश्रमाला धोका आहे, आईला ने, म्हणालो. तू म्हणालीस, घरात रंगकाम काढलंय, सध्या जमणार नाही. मी म्हटलं, पुराचा धोका आहे गं. तू म्हणालीस, तू आहेस ना तिथं, तू बघ काहीतरी. मी बघितलं. दुसऱ्या दिवशी कळवलं, मिटलं म्हणून. कसं मिटलं, ते तू विचारलं नाहीस."

रंगकाम तेव्हा खरंच काढलं होतं. बैठकीच्या एका भिंतीचं.

चिमटाचा अजून एक प्रश्न राहिला होता. नदीची पातळी नकाशा विभागाच्या प्रमुखाला फोनवर कळते. त्या पहाटे त्याला गल्लीच्या आधी कळलं होतं. आश्रमाला एक फोन का केला नाही?

"हातात होता फोन," दादा म्हणाला. "नंबरही काढला होता. मग वाटलं, हिरव्या घराला मी फोन का केला, असं उद्या कुणी विचारेल. वाटलं, पाणी अंगणापर्यंतच येईल."

"पातळीचा आकडा होता तुमच्याकडं."

"होता."

"आकड्यावरून कुठपर्यंत येणार होतं?"

दादानं हात उचलला आणि आपल्या डोक्याच्या थोडा वर धरला. तो हात तसाच राहिला. शेवटी चिमटानंच तो खाली घेतला.

६

खटला वर्षभरानं उभा राहिला. तोवर नकाशा दुरुस्त झाला होता, आश्रम पाडला होता, आणि वरच्या मजल्यावरच्या म्हाताऱ्या जिल्हाभर कुठं कुठं पांगल्या होत्या. त्यातल्या दोघींना घरच्यांनी नेलं होतं. एक जण तिथं महिनाभर टिकली.

धाकटी मधे एकदा मेट्रनला भेटायला इस्पितळात गेली होती. काय बोलायचं ते वाटेत जुळवलं होतं. मेट्रननं तिला दारातच ओळखलं आणि चांगल्या डोळ्यावर चादर ओढून घेतली.

दादाच्या वकिलानं बचाव हुशारीनं मांडला. आश्रम धोक्यात आहे हे सगळ्या नातेवाइकांना ठाऊक होतं. मेट्रननं त्यांना फोन केले होते. रंग अचानक बदलला तेव्हा एकानंही का म्हणून विचारलं नाही, कारण तो बदललेला सगळ्यांच्याच पथ्यावर पडला होता. मग दोष एकट्याचा कसा? फोन तोंडीच झाले होते, कुणाच्या सहीचा कागद नव्हता. म्हणून त्यानं सात घरांतल्या एकेकाला पिंजऱ्यात बोलावलं आणि एकच प्रश्न विचारला. तुम्हाला कळवलं होतं का?

एक लेक म्हणाला, नाही. एक सून म्हणाली, तिला काहीच माहीत नव्हतं. एका जावयानं शपथेवर सांगितलं, की मेट्रनचा आवाज त्यानं आयुष्यात ऐकलेला नाही. मेट्रन मागच्या बाकावर बसली होती, एक भिंग काळं असलेला चष्मा लावून. प्रत्येक उत्तराला ती मान किंचित वळवून बोलणाऱ्याचा चेहरा नीट बघून घेत होती.

मग धाकटीचं नाव पुकारलं गेलं. वकिलानं तिला मेट्रनचं विचारलंच नाही.

"आश्रमाला पुराचा धोका आहे, आईला घेऊन जा, असं तुमच्या भावानं तुम्हाला फोनवर सांगितलं होतं का?"

समोर दादा उभा होता. वर्षभरात त्याचे केस पिकले होते आणि तो आईसारखा दिसायला लागला होता. धाकटी हो म्हणाली असती तर त्याची शिक्षा थोडी हलकी झाली असती. वकिलानं तिला तसं आधी भेटून सांगितलंही होतं. बाजूच्या बाकावर चिमटा बसली होती. तिनं सगळं स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं, पण पोलिसांपुढं दिलेली कबुली न्यायालयात पुरावा म्हणून चालत नाही. आता ती फक्त बघत होती. पहिल्या रांगेत धाकटीचा नवरा होता, तिची कॉलेजात जाणारी मुलगी होती, आणि त्यांच्यामागं बाकीची सहा घरं.

"नाही," धाकटी म्हणाली.

दादानं मान वर केली. तो काहीतरी बोलेल असं सगळ्यांना वाटलं. त्यानं नुसतं तिच्याकडं पाहिलं, लहानपणी तिची चोरी स्वतःच्या अंगावर घेताना पाहायचा तसं, आणि पुन्हा मान खाली घातली.

न्यायाधीशांनी विचारलं, की साक्षीदाराला आणखी काही सांगायचंय का. धाकटीनं नकारार्थी मान हलवली आणि ती पिंजऱ्यातून खाली उतरली. मुलीनं सरकून तिला शेजारी जागा करून दिली. शिपायानं पुढच्या नातेवाइकाला हाक मारली.